दुधाशिवायची खीर: शाळेच्या पोषण आहारात वनस्पतिजन्य पदार्थ कसे वाढवावेत

खीर असली की चौथीतला एक मुलगा हमखास पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचा. मी त्याला दोनदा रागावले, अन्न टाकायचं नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला त्याची आजी शाळेत आली. "बाई, त्याला दूध पचत न्हाई ओ. तुमच्या भ्यानं खातंय, मग रातभर पोट धरून बसतंय." दोन वर्षं पोषण आहाराची वही मीच लिहीत होते. तांदळाचा दाणा न दाणा त्या वहीत होता, पण हे नव्हतं.

सोलापूर जिल्ह्यातली आमची प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, पट ९६, स्वयंपाकाला दोन मावशी. ती आजी येऊन गेल्यावर आम्ही जे करून पाहिलं ते इथे क्रमाने लिहिते. खाजगी शाळेचं कँटीन, वसतिगृह किंवा आश्रमशाळा चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. मात्र एक गोष्ट आधीच सांगते. दुधाला पर्याय म्हणजे शहरातल्या दुकानातली सोया किंवा बदामाची पाकिटं, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. ती परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही.

आधी पातेलं तपासा

एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. रोज काय शिजलं, त्यात दूध, दूध भुकटी, दही, ताक, तूप यांपैकी काय पडलं. आम्ही लिहिलं तेव्हा गंमतच झाली. मूगडाळीची खिचडी, मसालेभात, मटकीची उसळ, चवळीची खिचडी, वरणभात, यातल्या कशातच दूध नव्हतं. आठवड्यातले चार-पाच दिवस आमचं जेवण आधीपासूनच दुधाविना चाललेलं होतं आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

दूध सापडलं ते चार जागी. खिरीतली भुकटी. उन्हाळ्यात अधूनमधून वाटलं जाणारं ताक. तिथीभोजनाला, म्हणजे गावातल्या कोणी सणावाराला, वाढदिवसाला शाळेत दिलेल्या जेवणात, शिरा किंवा बासुंदी असली तर त्यातलं तूप-दूध. आणि पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला वाटली जाणारी बिस्किटं. बिस्किटांचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. पण तो ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो, आणि आपल्याकडे दूध शाकाहारातच मोडतं. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचायची. ॲलर्जी देऊ शकणारे घटक, म्हणजे दूध, शेंगदाणा, सोया, गहू वगैरे, स्पष्ट छापणं बंधनकारक आहे. ज्यात प्राण्यापासून आलेलं काहीच नाही अशा मालासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने हिरव्या चौकटीतलं वेगळं 'व्ही' चिन्ह ठरवलं आहे, पण गावातल्या किराणा दुकानात ते अजून क्वचितच दिसतं.

कोणाला काय चालत नाही, हे तीन खणांत लिहा

'दूध चालत नाही' या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली तर धोका असतो.

पहिला खण ॲलर्जीचा. इथे शरीर दुधातल्या प्रथिनावर उलटतं. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, कधी श्वास अडकणं. अशा मुलाला दही नाही, ताक नाही, भुकटी नाही आणि तूपही नाही. थेंबभरसुद्धा नाही.

दुसरा खण न पचण्याचा. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर अंगावरचं दूध सुटल्यावर अनेकांत कमी होत जातं. मग गॅस, कळा, जुलाब. यांच्यातल्या पुष्कळांना थोडं दही-ताक सोसतं, कारण विरजणात लॅक्टोज काहीसं मोडलेलं असतं. दूध भुकटी मात्र दुधासारखीच. भुकटी हलकी असते, ही समजूत चुकीची. आमचा टाकीमागचा मुलगा या खणातला.

तिसऱ्या खणात आवड, घरची रीत, व्रत. हे मूल जे खात नाही ते खात नाही, कारण विचारायची गरज नाही.

माहिती पालकांकडून लेखी घ्या आणि पहिल्या खणासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागा. 'थोडं देऊन बघू' हा प्रयोग शाळेने करायचा नाही, कधीच नाही. आमच्याकडे मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरंही आहेत. दोन आयांना मराठी अर्ज नीट कळला नव्हता, त्यांच्याशी मावशींनीच कन्नडमधून बोलून घेतलं. कागदापेक्षा ते जास्त कामाला आलं.

प्रथिनांचा हिशेब एकदा फळ्यावर मांडा

दूध काढलं तर मुलांना ताकद कुठून, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. त्याला भाषणाने उत्तर देऊ नका. पोषण आहार योजनेचं प्रमाण फळ्यावर लिहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ. आता बेरीज करा. १०० ग्रॅम तांदळात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, २० ग्रॅम तूरडाळीत ४ ग्रॅमहून थोडी अधिक. झाले १२. यात दूध कुठेच धरलेलं नाही. शिवाय तांदळात आणि ज्वारीत जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, कमी पडतं ते डाळीत असतं, म्हणून वरणभात ही जोडी निव्वळ सवयीची नाही.

दूध गेल्यावर खरोखर कमी पडतं ते कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व. त्याचं पुढे सांगते, कारण तिथे हिशेब इतका सरळ नाही.

खीर: नाचणी, शेंगदाणा, तीळ

२०२४ च्या जूनमध्ये शासनाने पाककृतींची जी नवी यादी दिली तीत तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व होतं. २०२५ च्या जानेवारीत हे पदार्थ ऐच्छिक झाले, लोकसहभागातून जमलं तर करायचे. म्हणजे इथे शाळेला मोकळीक आहे. आम्ही दोन्ही एकत्र केले आणि दूध काढून टाकलं.

शंभर मुलांसाठी: नाचणीचं पीठ दीड किलो, शेंगदाणे एक किलो, बिनपॉलिशचे तीळ अर्धा किलो, गूळ सव्वा किलो, सुंठ-वेलची चवीपुरती, चिमूटभर मीठ, पाणी सगळं मिळून बारा लिटर.

शेंगदाणे आदल्या संध्याकाळी निवडून भिजत घाला. निवडणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा किंवा कडवट दाणा फेकायचाच. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी धरते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. लोकांनी घरून दिलेल्या दाण्यांत असे दाणे हमखास सापडतात. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ठेवून घेऊ नका.

सकाळी भिजवणीचं पाणी ओतून द्या. दाणे तीन-चार लिटर कोमट पाण्यात थोडेथोडे घालून मिक्सरमधून गंधासारखे वाटा. गाळू नका. पहिल्यांदा आम्ही पांढरंशुभ्र 'दूध' हवं म्हणून धोतराच्या फडक्यातून गाळलं. अर्धा माल चोथ्यात गेला आणि मावशींचे हात दुखले ते वेगळंच. खिरीत चोथा कोणाला कळत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात हे वाटण बाकीच्या पाण्यातलं निम्मं घालून उकळत ठेवा. उकळी आल्यावर किमान पंधरा मिनिटं, तळापासून ढवळत. फेस दुधासारखाच वर येतो आणि उतूही जातो. कच्चा वास गेला की उरलेल्या गार पाण्यात नाचणीचं पीठ गुठळ्या न होता कालवून ते धारेने सोडा. गरम पाण्यात पीठ घातलंत तर गोळे होतील, मग कितीही घोटा. दहा-बारा मिनिटांत खीर चकाकते. तीळ कोरडे भाजून, कुटून घाला. गूळ पातेलं उतरवल्यावरच. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध नासतं हे घरोघरी माहीत आहे. शेंगदाण्याच्या दुधातही कधीकधी तसंच कणी धरल्यासारखं होतं, म्हणून ही खबरदारी.

एका मुलाला साधारण १४० मिली येते. १५ ग्रॅम नाचणीतून ५० मिलिग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम, ५ ग्रॅम सालासकट तिळातून साठेक मिलिग्रॅम. शंभर मिली गाईच्या दुधात १२० च्या आसपास असतं. म्हणजे निदान आकड्यात तरी वाटीभर खीर अर्धा पेला दुधाच्या जवळ जाते. तीळ पांढरेशुभ्र, साल काढलेले घेतले तर हा हिशेब कोसळतो, कारण कॅल्शियम बहुतेक सालीत असतं. १० ग्रॅम शेंगदाण्यातून अडीच ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिनं मिळतात ती वेगळी.

ही खीर साठवायची नाही. सोलापूरच्या मार्च-एप्रिलमध्ये अकराला केलेली खीर दीडला आंबूस लागते. शिजली की दोन तासांच्या आत वाटून मोकळं व्हायचं, उरली तर टाकायची.

हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करणारी घरं अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात खूप. तिथे दुधाऐवजी खोबऱ्याचं दूध घालूनही ती छान होते, पण नारळ महाग. आम्ही वर्षातून दोनदाच करतो.

आमटी, कण्या, चटणी

शेंगदाण्याची आमटी म्हणजे आपल्या उपवासाचीच. शाळेत ती भाताबरोबर दिली आणि 'नवीन पदार्थ' म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. भाजून सालं काढलेल्या दाण्यांचं बारीक कूट शंभर मुलांना दीड किलो, जिरं, चिंच-गूळ, तिखट बेताचं. ही आमटी डाळीच्या जागी रोज नको, पंधरवड्यातून एकदा ठीक. डाळीचं प्रमाण ठरलेलं असतं आणि वहीत खर्च दाखवावा लागतो, म्हणून आम्ही त्या दिवशी डाळ भातात घालून खिचडी करतो आणि आमटी वर वाढतो.

ज्वारीचं काय करायचं, हा मात्र खरा पेच होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मोहोळच्या संशोधन केंद्रावरून निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात महाराष्ट्रभर पेरली जाते, आणि शाळेत मात्र रोज भात. पण दोन मावशींनी शंभर भाकऱ्या थापाव्यात ही अपेक्षा धरणं अन्याय आहे. मी बोलून दाखवलं तेव्हा मोठ्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुमी थापा, मी चुलीपुढं बसते." विषय तिथेच मिटला.

उपाय कण्यांचा निघाला. ज्वारी गिरणीवर जाडसर भरडून आणायची, पीठ चाळून बाजूला, कण्या धुऊन तासभर भिजवायच्या. मग खिचडीसारख्याच, मूगडाळ आणि भाजी घालून, पाणी मात्र तांदळाच्या दीडपट. घरी कण्या ताकात शिजवतात. आम्ही चिंचेचा कोळ वापरला, आंबटपणा तोच येतो. दुसरा उपाय कडक भाकरीचा. ती आठ-दहा दिवस टिकते, म्हणून बचत गटाकडून आणता येते. ताटात चुरून वर गरम आमटी. लहान मुलांना चावत नाही, त्यांना पाच मिनिटं भिजू द्यायची.

शेंगाचटणीबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगणार. तिखट आणि मीठ घरच्यापेक्षा निम्मं ठेवा, एवढंच.

ताकाच्या जागी

वेळ अमावस्येची आंबील ताकाची असते, तरी तशीच बिनताकाची जमते. ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात कालवून आंबवत ठेवायचं, सकाळी उकळून, मीठ, लसूण-जिरं लावून गार करायचं. थंडीत आंबायला वेळ लागतो, उन्हाळ्यात एका रात्रीत जास्तच आंबतं, म्हणून मे महिन्यात भांडं सावलीत नि गार जागी. उकळण्याआधीचं कच्चं मिश्रण मुलांना द्यायचं नाही. नुसतं चिंचेचं सारही चालतं. चिंच इथे काय, परसात असते.

जिथे हिशेब सरळ नाही

कॅल्शियमसाठी खिरीशिवाय शेवग्याचा पाला. शाळेच्या कुंपणाला दोन झाडं पुरतात. अख्खी पानं मुलं बोटाने निवडून ताटाच्या कडेला लावतात, म्हणून शिजत्या डाळीतच बारीक चिरून घोटायची. पालकाची भाजी कॅल्शियमसाठी मोजू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे ते अंगी फारसं लागत नाही. अंबाडी चवीला आहेच. तेलुगू घरातली मुलं ती बघताच पुढे सरकतात.

बी-१२ वनस्पतीतून मिळत नाही. इथे कोणी शेवगा, तीळ, आंबवलेली आंबील यांची नावं घेतली तरी विश्वास ठेवू नका. फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटकांचे दाणे मिसळलेल्या, तांदळात ते असतं, किलोला ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम भाताच्या तांदळातून जेमतेम ०.१. गरजेच्या मानाने हा घास लहानच. त्या तांदळातले थोडे वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे समजून मावशी निवडून टाकत नाहीत ना, हे पाहा. आमच्याकडे टाकत होत्या. जे मूल दूध, दही, अंडं, मांस यातलं काहीच खात नाही त्याच्या पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. ही गरज शाळेच्या पातेल्यातून भागणार नाही.

अंड्याचं म्हणाल तर २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय झाला. पुढे २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला. वनस्पतिजन्य पदार्थ वाढवायचे म्हणून जिथे लोकवर्गणीतून अंडं मिळतंय तिथे ते बंद करू नका. आपल्याला ताटात भर घालायची आहे, कोणाच्या ताटातलं उचलायचं नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण बैठकीत हे दोन विषय एकत्र आले की वरणाचीही खिचडी होते.

दूधवाले पालक आणि ठराव

हा पंढरपुरी म्हशीचा जिल्हा. शाळा व्यवस्थापन समितीतले निम्मे पालक डेअरीला दूध घालणारे. पहिल्या बैठकीत एकजण ताडकन म्हणाले, "माज्या गोठ्यात पाच म्हशी, अन् पोरगं शाळेत शेंगांचं दूध पिणार व्हय?" मी 'शेंगदाण्याचं दूध' हा शब्द वापरला होता, चूक माझी. त्या दिवसापासून आम्ही फक्त 'शेंगदाण्याची खीर' म्हणतो. 'दुधाविना', 'वीगन', 'पर्यायी' असलं काही फळ्यावर लिहू नका. जो पदार्थ आहे त्याचं नाव लिहा.

आणि वेगळं ताट करू नका. ज्या दिवशी खीर, त्या दिवशी ती शंभराच्या शंभर मुलांना तीच. एका मुलासाठी वेगळी वाटी निघाली की त्याचं नाव पडतं, मग ते मूल टाकीमागे जातं.

कागदाचं काम थोडक्यात: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, त्यात पदार्थ, वार, लोकसहभागातून येणारा माल. मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांना माहिती. वाटपाआधी शिक्षकासह मोठ्यांनी चव घेऊन नोंद. गूळ, शेंगदाणे, तीळ सरकारी मालात येत नाहीत, ते तिथीभोजनाच्या यादीत टाका. वाढदिवसाला केक देणाऱ्याला आम्ही ही यादी दाखवतो. पहिल्या महिन्यात उरलेलं अन्न रोज मोजा. आमटीच्या दिवशी आमचं पातेलं रिकामं व्हायचं. कण्यांचं पहिल्यांदा चार किलो उरलं, कारण त्या कच्च्या राहिल्या होत्या.

दूध काढताना शेंगदाणा आणला, हे विसरू नका

शेंगदाणा आणि तीळ यांचीही ॲलर्जी असते. म्हणून पहिली खीर करण्याआधी दुसरा अर्ज भरून घ्या, फक्त या दोहोंसाठी. तसं मूल असेल तर खीर नाचणी, गूळ आणि पाणी एवढ्यावरच, सगळ्यांसाठी. दुधाची ॲलर्जी असलेल्याचं जेवण आधी वाढा, वाढायचा डाव वेगळा, पातेलं आधी घासलेलं. मुलाला जेवल्यावर गांधी, सूज, उलट्या किंवा दम लागलेला दिसला तर पालकांची वाट न बघता १०८ ला फोन. डॉक्टरांनी औषध दिलेलं असेल तर ते कुठल्या कपाटात आहे हे मावशींनाही माहीत हवं, कारण त्या वेळी ऑफिसला कुलूप असू शकतं.

कधी सुरू करावं

जूनमध्ये नको. नवे प्रवेश, पाऊस, आणि घरोघरी जुने, ओल लागलेले दाणे. दिवाळीनंतर शेंगा काढून वाळलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक मुलाने मूठभर आणले तरी किलो-दोन किलो जमतात. संक्रांतीला तीळ घरात असतातच. आमची पहिली खीर भोगीच्या आदल्या दिवशी झाली. शेंगदाण्याचे दोन किलो त्या पाच म्हशीवाल्यांकडून आले होते. निवडताना त्यातले मूठभर मावशींनी बाजूला काढले, ते कडू होते, आणि तेही मी त्यांना सांगितलं.